मुख व कंठाच्या कर्करोगाची दुर्मिळ रूपे

कर्करोग म्हटला की चिघळलेली जखम, वाहणारे रक्त आणि असह्य वेदना असे चित्र सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या समजुतीत तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. गालाच्या आतल्या बाजूस, जेथे वर्षानुवर्षे चुना-तंबाखूचा बार ठेवला जातो नेमक्या त्याच जागी, पांढरट, खरखरीत, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी एखादी वाढ सावकाश होत राहते. ती दुखत नाही, तिच्यातून रक्त येत नाही, जेवणखाणातही फारशी अडचण होत नाही. घरची माणसे तिला चामखीळ म्हणतात आणि तिकडे दुर्लक्ष करतात. एखादा जागरूक माणूस तालुक्याच्या गावी जाऊन तपासून घेतो. वरवरचा तुकडा काढून पाहिला जातो आणि कर्करोग आढळला नाही असा अहवाल येतो. तो निर्धास्त होऊन घरी परततो. काही वर्षांनी तीच वाढ जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचलेली असते.

ही वाढ म्हणजे कर्करोगाचेच एक दुर्मिळ रूप होय. मुख व कंठाच्या कर्करोगाला अशी आणखीही काही रूपे आहेत. त्यांतील काही मंदगतीची, तर काही अत्यंत आक्रमक आहेत. त्यांचे निदान करणे हे तज्ज्ञांचे काम आहे, यात शंका नाही. तथापि रुग्ण तज्ज्ञांपर्यंत वेळेवर पोहोचणे आणि निदान पूर्ण होईपर्यंत त्याने पाठपुरावा न सोडणे, या गोष्टी गावातील जाणत्या माणसांवर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. यास्तव या विषयाची ओळख शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

एकच कुटुंब, अनेक रूपे

ओठ, गाल, जीभ, हिरड्या, टाळू, घसा आणि स्वरयंत्र यांच्या आतील पृष्ठभागावर पेशींचे एक पातळ अस्तर असते. या अस्तराच्या वरच्या थरातील पेशी चपट्या असून माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकींवर रचलेल्या असतात. म्हणून त्यांना शल्की पेशी असे नाव मिळाले आहे. डॉक्टर मंडळी त्यांना स्क्वेमस पेशी म्हणतात. अन्नाचे घर्षण, उष्णता आणि तिखट-खारट पदार्थ सोसण्याचे काम हे अस्तर करते. झिजलेल्या पेशी गळून पडतात आणि तळाच्या थरात नव्या पेशी तयार होऊन वर सरकतात.

तंबाखूतील विषारी द्रव्यांचा मारा या अस्तरावर दीर्घकाळ होत राहिला, म्हणजे पेशींच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्यात बिघाड होतो आणि त्यांच्या वाढीवरचे नियंत्रण सुटते. बिघडलेल्या पेशी तळाचा पडदा भेदून खालच्या मांसात शिरतात, आणि तेथूनच कर्करोगाची सुरुवात होते. मुख व कंठाच्या कर्करोगांपैकी शेकडा ९० हून अधिक कर्करोग या शल्की पेशींपासूनच उद्भवतात.

यातील बहुसंख्य रुग्णांमध्ये रोगाचे रूप नेहमीचे असते : न भरून येणारा व्रण, त्याची टणक कड, पुढे मानेत उतरणाऱ्या गाठी. मात्र काही थोड्या रुग्णांमध्ये याच पेशी वेगळेच वळण घेतात. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्या निराळ्या दिसतात, शरीरात निराळ्या रीतीने वाढतात आणि उपचारांना दिलेला त्यांचा प्रतिसादही निराळा असतो. अशा रूपांना शल्की पेशींच्या कर्करोगाचे उपप्रकार म्हणतात.

चामखिळीसारखा कर्करोग

आपल्या राज्याच्या दृष्टीने या उपप्रकारांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजेच चामखिळीसारखा कर्करोग. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ लॉरेन अॅकरमन यांनी १९४८ साली या रोगाचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यामुळे कित्येक वैद्यकीय ग्रंथांत तो अॅकरमनची गाठ या नावानेही ओळखला जातो. गालाची आतली बाजू आणि खालची हिरडी या त्याच्या नेहमीच्या जागा होत. स्वरयंत्रातही तो आढळतो. तोंडातील रोगाचा तंबाखू चघळण्याशी निकटचा संबंध आहे, आणि रुग्ण बहुधा उतारवयातील असतात.

या कर्करोगाची वागणूक विलक्षण आहे. नेहमीचा कर्करोग झाडाच्या मुळांप्रमाणे फाटे फोडीत मांसात शिरतो. हा मात्र रुंद आघाडीने, आजूबाजूचे मांस ढकलीत पुढे सरकतो. त्याच्या पेशी दिसावयास जवळजवळ निरोगी पेशींसारख्या असतात. निखळ स्वरूपातील हा रोग मानेच्या लसिका ग्रंथींत किंवा दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही. म्हणून वेळेवर आणि पुरेशी कड राखून शस्त्रक्रिया केल्यास रुग्ण बरा होण्याची शक्यता उत्तम असते.

परंतु या सौम्यपणावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, हा रोग दूर पसरत नसला तरी जागच्या जागी वाढतच राहतो आणि गाल, हिरडी व शेवटी जबड्याचे हाड पोखरतो. दुसरे असे की, वरून चामखिळीसारख्या दिसणाऱ्या गाठीच्या पोटात कित्येकदा नेहमीच्या, आक्रमक कर्करोगाचे लहान बेट दडलेले असते. अशा मिश्र गाठीचे वर्तन मग नेहमीच्या कर्करोगासारखे होते, आणि ती मानेत पसरू शकते.

तुकड्याची परीक्षा आणि तिच्या मर्यादा

कर्करोगाचे निश्चित निदान शरीरातील तुकडा काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा केल्यावरच होते. या तपासणीस बायॉप्सी म्हणतात. बायॉप्सीमुळे कर्करोग पसरतो अशी एक समजूत ग्रामीण भागात आणि शहरांतही दृढ आहे. ही समजूत निराधार असून तिच्यापायी अनेक रुग्ण मोलाचा काळ गमावतात.

तथापि बायॉप्सीचा अहवाल हा काढलेल्या तुकड्याचा अहवाल असतो, संपूर्ण गाठीचा नव्हे. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चामखिळीसारख्या कर्करोगात वरचा भाग हा मुख्यतः केराटिन या कठीण द्रव्याचा जाड थर असतो. रोगाची खूण पटते ती तळाशी, जेथे गाठ खालच्या मांसाला भिडते तेथे. तुकडा वरवरचा असेल तर विकृतिशास्त्रज्ञाला तळ दिसतच नाही, आणि अस्तर जाड झाले आहे, कर्करोग दिसत नाही, असे प्रामाणिक पण अपुरे उत्तर त्याला द्यावे लागते. यात कोणाची लबाडी नसते. नमुनाच अपुरा असतो. म्हणून या रोगात तुकडा पुरेसा खोल आणि गाठीच्या कडेसह घ्यावा लागतो, आणि गरज पडल्यास तपासणी पुन्हा करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर काढलेली सर्व गाठही ठिकठिकाणी छेद घेऊन तपासली जाते. आत दडलेले आक्रमक बेट अशा वेळीच हाती लागते.

यावरून सामान्य माणसाने एवढे सूत्र लक्षात ठेवावे : अहवाल निर्दोष आला, परंतु वाढ जागेवरच आहे किंवा मोठी होत आहे, तर तपासणी संपलेली नाही. अशा रुग्णाने अहवालासह पुन्हा डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

नावावरून ठरणारे उपचार

कर्करोग तो कर्करोग, त्याच्या पोटनावाशी आपल्याला काय करावयाचे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर एका महत्त्वाच्या संशोधनातून मिळते. तोंडाचा नेहमीचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असून मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की पुढे गाठ दिसल्यास काढाव्यात, याविषयी शल्यविशारदांत दीर्घकाळ मतभेद होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथी आरंभीच काढलेल्या रुग्णांपैकी शेकडा ८० रुग्ण ३ वर्षांनंतर हयात होते. वाट पाहण्याचे धोरण अवलंबिलेल्या गटात हे प्रमाण शेकडा ६७.५ होते. या निष्कर्षांमुळे जगभरच्या उपचारपद्धतीस दिशा मिळाली.

हीच शस्त्रक्रिया निखळ चामखिळीसारख्या कर्करोगात मात्र बहुधा अनावश्यक ठरते, कारण तो मानेत उतरतच नाही. उलट, त्यात आक्रमक बेट सापडले तर मानेचा विचार करावाच लागतो. किरणोपचारांच्या बाबतीतही असाच फरक आहे. या रोगात किरणोपचार दिल्यास तो अधिक उग्र रूप धारण करतो, असे एकेकाळी मानले जात असे. अशा काही गाठी मुळातच मिश्र असाव्यात, असे मत पुढे मांडले गेले. तरीही शस्त्रक्रिया हाच या रोगावरील पहिला उपाय मानला जातो. म्हणजे एका शब्दाच्या फरकाने एका रुग्णाची मान मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचते, आणि दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी तीच शस्त्रक्रिया करावी लागते.

इतर दुर्मिळ रूपे

चामखिळीसारख्या कर्करोगाच्या अगदी विरुद्ध टोकाला बेसलॉइड उपप्रकार आहे. अस्तराच्या तळाशी असणाऱ्या पेशींसारख्या लहान, गडद पेशींचे पुंजके त्यात आढळतात. १९८६ साली त्याचे स्वतंत्र वर्णन झाले. जिभेचे मूळ, घशाचा खालचा भाग आणि स्वरयंत्राचा वरचा भाग या त्याच्या जागा असल्यामुळे तो बाहेरून दिसत नाही. तंबाखू व मद्य या दोहोंचे व्यसन असणाऱ्या वयस्क पुरुषांत तो प्रामुख्याने आढळतो. मानेत, तसेच फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवांत तो लवकर पसरतो. गिळताना एकाच बाजूस दुखणे, कानात कळ मारणे किंवा मानेत गाठ येणे ही त्याची पहिली खूण असू शकते.

स्पिंडल सेल कर्करोगात शल्की पेशी आपला चपटा आकार टाकून चातीसारख्या लांबट होतात. त्यामुळे हा मांसतंतूंचा निराळाच कर्करोग असावा असा भास विकृतिशास्त्रज्ञालाही होतो, आणि विशेष रासायनिक रंजनपरीक्षा करून खरे मूळ शोधावे लागते. स्वरयंत्रात देठाने लोंबणाऱ्या गाठीच्या रूपाने तो पुष्कळदा आढळतो आणि आवाज बसणे हे त्याचे मुख्य लक्षण असते. स्वरतंतूवरील लहान गाठ वेळीच सापडल्यास रुग्ण बरा होण्याची आशा चांगली असते.

अॅडेनोस्क्वेमस उपप्रकारात शल्की पेशींच्या जोडीला ग्रंथींसारखी रचना दिसते. तो आक्रमक समजला जातो. याउलट पॅपिलरी उपप्रकारात बोटांसारखे उंचवटे बाहेरच्या दिशेने वाढतात आणि त्याचे भवितव्य सामान्यतः बरे असते. कार्सिनोमा क्युनिक्युलेटम या उपप्रकाराचे नाव सशाच्या बिळावरून पडले आहे. १९५४ साली पायाच्या तळव्यावर त्याचे प्रथम वर्णन झाले. पुढे तो तोंडातही आढळला. हिरडीखालील हाडात तो बिळे करीत जातो. दातांचा किंवा हाडाचा जुनाट जंतुसंसर्ग समजून त्यावर दीर्घकाळ उपचार होण्याचा संभव असतो. दात काढल्यानंतर जखम महिनोन् महिने भरून येत नसेल, तर दंतवैद्यानेही ही शक्यता मनात ठेवावी लागते.

विषाणूंशी निगडित रूपांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणाऱ्या कर्करोगाच्या एका रूपाचा संबंध एप्स्टीन-बार या विषाणूशी आहे. दक्षिण चीनमध्ये, तसेच आपल्या देशात नागालँडमध्ये तो विशेष आढळतो. टॉन्सिल व जिभेचे मूळ येथील काही कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. ते उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतात; म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली बेसलॉइड दिसणारी टॉन्सिलमधील गाठ या विषाणूमुळे झालेली असेल, तर तिचे भवितव्य तंबाखूजन्य गाठीपेक्षा पुष्कळच आशादायक असते. मात्र भारतात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे.

रूपे अनेक, मूळ एक

रोग कोठे होतो याचा सवयीशी असलेला संबंध भारतीय संशोधकांनी फार पूर्वी दाखवून दिला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची स्थापना १९४१ साली झाली. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली लोकांच्या रूढ सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा ही विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती. तेथे टाळूचा कर्करोग दिसे. जेथे चुना-तंबाखूची खैनी ओठ व हिरडी यांच्या मध्ये धरीत, तेथे रोगही नेमका त्याच जागी होई. बार जेथे, रोग तेथे, असा हा सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे गाय छाप वा अन्य तंबाखूचा बार, मावा, खर्रा, गुटखा आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री अशी त्याची नाना रूपे आहेत. मिश्रीला अनेक घरांत व्यसन मानलेच जात नाही. दात घासण्याची ती एक रीत समजली जाते आणि स्त्रिया दिवसातून अनेकदा ती लावतात. निव्वळ सुपारीही निर्धोक नाही. तिच्यामुळे तोंडाचे अस्तर कडक होऊन तोंड उघडणे कमी होत जाते. १९५३ साली मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी या विकाराचे वर्णन केले होते. ही कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकते. तंबाखूविरहित विड्यापासूनही कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला.

गावाच्या पातळीवर काय करता येईल

तोंडाचा कर्करोग डोळ्यांनी दिसणाऱ्या जागी होतो, ही त्यातल्या त्यात भाग्याची गोष्ट आहे. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये या तपासणीमुळे मुखकर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा ३४ ने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. यासाठी लागले ते पुरेसा उजेड आणि शिकविलेली नजर.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांत कार्यकर्ते जात, लोकांना धोक्याची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणीत. रुग्ण येण्याची वाट न पाहता त्याच्या दारी जाण्याची ही पद्धत होती.

३० वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी करण्याचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून झालेला आहे. ग्रामपंचायतीने आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या साह्याने गावातील तंबाखू व मिश्री वापरणाऱ्या स्त्री-पुरुषांची तपासणी घडवून आणावी. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दोन ते तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास रुग्णाला विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठवावे : न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, चामखिळीसारखी खरखरीत वाढ, मग ती दुखत नसली तरीही, दात काढल्यानंतर न भरलेली जखम, बसलेला आवाज, गिळताना त्रास, मानेतील गाठ. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील, तर तेही तपासणीचे कारण समजावे. अशा वाढीला डाग देणे, चुना वा क्षार लावणे, दोऱ्याने आवळणे हे प्रकार कटाक्षाने थांबविले पाहिजेत.

रुग्णाला एकदा पाठवून काम संपत नाही. त्याचा तुकडा तपासला गेला का, अहवाल आला का, अहवालानंतर वाढ शिल्लक आहे का, हे विचारणारा एक तरी माणूस गावात असावा. सर्व कागद, अहवाल आणि तपासणीच्या काचपट्ट्या जपून ठेवण्यास व मोठ्या रुग्णालयात जाताना बरोबर नेण्यास त्याला सांगावे. दुर्मिळ रूपाच्या बाबतीत दुसऱ्या तज्ज्ञाने त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहिल्याने निदान बदलल्याची उदाहरणे वैद्यकाला अपरिचित नाहीत. खर्चाच्या भीतीने माघार घेणाऱ्या कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, ही माहिती वेळेवर मिळाली पाहिजे.

शिक्षकांची जबाबदारी याहूनही मोलाची आहे. २००३ च्या कायद्यान्वये शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांना ते देण्यास मनाई आहे. महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. कायदा पुस्तकात असून भागत नाही. शाळेच्या फाटकासमोरील टपरीकडे पाहण्याची हिंमत गावाने दाखविली, तरच त्याला अर्थ येतो. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

दुर्मिळ रोगांची नावे सर्वांनी पाठ करावीत, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु न दुखणारी गाठ निरुपद्रवी असतेच असे नाही आणि एका तुकड्याचा निर्वाळा हा अखेरचा निर्वाळा नसतो, या दोन गोष्टी गावातील प्रत्येक घरापर्यंत पोहोचू शकतात. त्या पोहोचल्या, तर जबडा गमावण्याची पाळी येण्यापूर्वीच कितीतरी माणसे वेळेवर रुग्णालयाची पायरी चढतील.